वळचणीचं पाणी

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. आमच्या डोंबिवलीच्या घरात ते बावीस पावसाळे जात होतं.

झोपायच्या खोलीत खिडकीच्या वरच्या अंगाला भिंत ओली व्हायची. आधी रंगाला फुगे, मग पोपडे, मग काळपट नकाशा. एका वर्षी त्याची हुबेहूब श्रीलंका झाली होती, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया. आम्ही काय काय केलं नाही! दोनदा गिलावा खरवडून नवा केला, तीन वेळा रंग दिला, एक महागडं रसायन फासलं. वरच्यांच्या न्हाणीघरातून गळतंय असं ठरवून त्यांच्याशी सहा वर्षं अबोला धरला. ज्याने इमारत बांधली तो बिल्डर केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेला होता.

शेवटी लातूरकडचे एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ग्रिलमधून हात बाहेर काढला, छज्ज्याच्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काकू, फुलपात्रात पाणी द्या जरा.” मला वाटलं तहान लागली असेल. त्यांनी ते फुलपात्र माझ्यासमोर हळूहळू कलतं केलं. पाणी काठावरून खाली पडायच्या ऐवजी भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बुडाशी गेलं आणि तिथून त्यांच्या मनगटावर ओघळलं. “बघा. पाणी सुटत नाही. चिकटून मागं येतं. तुमच्या छज्ज्याला खाच ठेवली नाही.”

खाच म्हणजे किती, तर करंगळी जेमतेम बसेल एवढी. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन-तीन बोटं आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गिलावा ओला असताना एक पट्टी दाबून ठेवायची आणि नंतर काढून घ्यायची, की झाली खाच. कडेवरून वळून आत सरकणारं पाणी तिथवर येतं, पुढे चढता येत नाही म्हणून थेंब होऊन सुटतं. खाच नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाखालून सावकाश चालत भिंतीला जाऊन मिळतं. मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात छज्ज्याच्या कडेला सिमेंटची बारीक पाळ उतरवून दिली. त्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. मी वरच्यांकडे डबाभर शिरा नेऊन दिला. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पण मला एक खोड लागली. कुठलीही इमारत दिसली की नजर आधी छज्ज्याखाली जायची. डोंबिवलीत दहा इमारतींत एखादीला खाच. बाकीच्यांच्या खिडक्यांखाली काजळ पसरल्यासारखे काळे ओघळ, रडून झोपी गेलेल्या पोरीसारखे. मग वाटलं, आपण एकतीस वर्षं फोर्टात नोकरी केली. ज्या इमारती बघायला जगभरातून माणसं येतात त्यांच्या पायथ्याशी उभं राहून बसची वाट पाहिली. आणि पाहिलं काय? जाताना लेडीज डब्यात भाजी निवडली, येताना डुलकी काढली, मधल्या वेळात रस्त्यातले खड्डे बघून पाय टाकले. मान वर करायचा प्रसंग आला तो फक्त इंडिकेटर वाचताना.

लोक इमारती बघायला हिवाळ्यात जातात. उन्हात सगळ्याच बऱ्या दिसतात, लग्नातल्या फोटोसारख्या. जुलैतला एक शनिवार मी निवडला. पाऊस लागून होता, पण रुळांवर पाणी येण्याइतका नव्हता. छत्री, प्लास्टिकची चप्पल, पर्समध्ये खाकरे. घरातून विचारणा झाली, “एवढ्या पावसात कुठे?” म्हटलं, पाणी कुठून पडतं ते बघायला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून थेट रस्त्यापलीकडे गेले आणि वळून उभी राहिले. १८७८मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १८८७मध्ये पुरं झालं, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्याचे वास्तुविशारद, २००४पासून ते जागतिक वारसा आहे, इतपत माहिती मलाही होती. पण भिंतीतून मान पुढे काढून बसलेली ती दगडी जनावरं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. नक्षी करणाऱ्यांत जे. जे. कला शाळेचे विद्यार्थीही होते. विलायतेतल्या जुन्या चर्चांवर अशा जनावरांच्या तोंडातून छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायची रीत होती. आपल्याकडे गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी गोमुखातून, मकरमुखातून बाहेर काढतात, तेच. पाण्याला जायला तोंड हवं आणि ते तोंड नुसतंच भोक का असावं, हा विचार दोन्हीकडे सारखा. यातलं कुठलं जनावर अजून काम करतंय ते बघायला मी बराच वेळ उभी होते. एकाच्या जबड्यात कबुतर अंग फुगवून बसलं होतं. लोकांचे धक्के खात मी पुढे निघाले.

दादाभाई नौरोजी रस्त्याची एक गंमत सांगायलाच हवी, कारण एकतीस वर्षं मी ती फुकट उपभोगली. दोन्ही बाजूंच्या इमारती निराळ्या, मालक निराळे, कमानी निराळ्या. पण तळमजल्याला सगळ्यांनी रस्त्याकडेचा भाग पायी चालणाऱ्यांसाठी छताखाली मोकळा सोडलेला. एका इमारतीची कमान संपते तिथे शेजारच्या इमारतीची सुरू होते. भर पावसात इथून छत्री मिटून चालत जाता येतं. तशी अट घालूनच इथे बांधायला दिलं होतं. आजचा कुठला बिल्डर आपल्या जागेतला एवढा पट्टा पादचाऱ्यांना देईल? फेरीवाल्यांनी तो आता निम्मा व्यापला आहे ही गोष्ट खरी, पण छत्र्या विकणारे त्यांच्यातलेच, म्हणून मी तक्रार करत नाही.

महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे. १९३०च्या दशकातली, मास्टर, साठे आणि भुता यांनी आखलेली. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी केलेल्या राक्षसी उंचीच्या आकृती आहेत. साधी कष्टकरी माणसं, देवांसारखी उभी. या आकृत्यांच्या पायांशी थांबून मी कित्येकदा मैत्रिणीची वाट बघितली आहे. पावसात त्यांच्या कपाळावरून, नाकावरून पाणी उतरत होतं आणि त्या हलत नव्हत्या. इथे खाच बघायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

विद्यापीठाकडून ओव्हलवर आले. राजाबाई टॉवर इथूनच बघावा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, १८७८मध्ये तो पुरा झाला, उंची २८० फूट. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधीच आले नाहीत. इथल्या पावसाचं वर्णन त्यांना कोणी आणि कसं करून सांगितलं असेल? पण सांगितलं असावं, कारण सभोवार व्हरांडे आहेत आणि खिडक्यांच्या कमानींवर दगडाच्या उठावदार भुवया. भुवया कशासाठी असतात हे मला शाळेत बाईंनी सांगितलं होतं: कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून. इमारतीलाही तेच लागू आहे. पाणी भुवईवरून दोन्ही बाजूंना उतरतं, डोळा कोरडा राहतो.

ओव्हल मैदानात चिखलात फुटबॉल चालला होता. मैदानाच्या पूर्वेला हे एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक आणि पश्चिमेला, महर्षी कर्वे रस्त्यावर, १९३०च्या दशकातल्या सिमेंट-काँक्रीटच्या आर्ट डेको इमारतींची ओळ. मधे फक्त गवत. या दोन्ही ओळी आणि मरीन ड्राइव्ह मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा ठरल्या. आर्ट डेको हे नाव १९२५च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून नंतर पडलेलं. बांधणाऱ्यांच्या लेखी त्या नुसत्या ‘मॉडर्न’ इमारती होत्या. बॅकबेचा समुद्र भरून काढलेल्या नव्या जमिनीवर नव्या पैशाने बांधलेली भाड्याची घरं.

मैदान ओलांडून गेले आणि मला हसूच आलं. पलीकडच्या दगडी भुवया इथे काँक्रीटच्या झाल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर लांबच्या लांब छज्जा, कोपऱ्याशी येऊन गोल वळलेला, खिडकी तुटली तरी न तुटणारा. त्याच्याखाली भिंतीवर समांतर रेघा, बहुतेक ठिकाणी तीन. कुठे जहाजासारखे वाटोळे झरोके, कुठे उगवत्या सूर्याची किरणं गजांत वाकवलेली. एकेक छज्जा म्हणजे चित्रातली रेघ, आणि ती रेघ त्या क्षणी चक्क काम करत होती: कडेवरून पागोळ्या गळत होत्या, सरळ, एका अंतरावर, शिस्तीत, आणि त्यांच्यामागची भिंत कोरडी होती. आजीच्या राजापूरच्या घरी पडवीत बसून मी पागोळ्यांखाली हात धरायची. कौलांचं ते काम इथे सिमेंटने केलं होतं, आणि दिमाखात केलं होतं. यातल्या एम्प्रेस कोर्टचे वास्तुविशारद गजानन म्हात्रे. हे नाव मी नोकरीच्या एकतीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इरॉसचे शोराबजी भेडवार. तिथे मी पंधरा-वीस सिनेमे पाहिले असतील, आणि इमारत शून्य वेळा.

एका फाटकाशी मी कुंपणभिंतीच्या माथ्याखालून बोट फिरवून पाहिलं. खाच होती! भिंतीच्या डोक्यावर, जिथे कोणी बघणार नाही तिथेसुद्धा. मी पुढे सरकत बोट फिरवतेय हे बघून वॉचमन आला.

“काय पाहिजे मॅडम?”

“काही नाही. भिंत बघतेय.”

तो क्षणभर थांबला. “महापालिकेच्या का?”

“नाही हो. डोंबिवलीची.”

त्याला मी सगळं सांगितलं, फुलपात्रासकट. तो खेडचा निघाला. म्हणाला, “आमच्याकडे पागोळ्यांखाली बादल्या लावतात.” मग दोन मिनिटं का होईना, त्याने मला जिन्यापर्यंत आत सोडलं. बाहेर आभाळ भरून अंधारून आलं होतं आणि जिना उजळलेला होता. जिन्याच्या भिंतीला तळापासून माथ्यापर्यंत उभी जाळी, तीतून उजेड आणि वारा येतो, पाऊस येत नाही, कारण जाळीची प्रत्येक फळी बाहेरच्या बाजूला उतरती आहे. कठडा लाकडाचा, हाताखाली साबणासारखा गुळगुळीत. पायऱ्यांना मोझॅक, मधोमध पावलांनी किंचित झिजलेलं. वर कुणाकडे तरी फोडणी बसली होती. जागतिक वारशाला मोहरी-हिंगाचा वास येतो हे त्या यादीत लिहिलेलं नसणार.

मरीन ड्राइव्हबद्दल मी फार लिहिणार नाही. सूना महल बघितला, तोही म्हात्र्यांचा, १९३७चा. कोपऱ्यावर बुरुजासारखा उभा आहे आणि समुद्राकडे बघायची त्याची ऐट मला आवडते. पण बाकी ओळीत निम्म्याहून अधिक बाल्कन्या काचा सरकवून बंद केलेल्या, छज्ज्यांवर पत्रे, पत्र्यांवर निळं प्लास्टिक. माझ्या नाकाला सुरकुती पडली आणि लगेच आठवलं, डोंबिवलीची आमची बाल्कनीही आम्ही बंदच केली आहे. तिथे वॉशिंग मशीन आहे. कोणाला बोलणार? खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटमधली सळई गंजते, गंजली की फुगते आणि सिमेंटचा पापुद्रा उडवते. समुद्रासमोर नव्वद वर्षं उभं राहायचं म्हणजे थोडे पत्रे लागणारच. चप्पल चिकटायला लागली होती. चर्चगेटला जाऊन गाडी पकडली.

मला खरं जायचं होतं ते हिंदू कॉलनीत. कुणी परदेशी पाहुणा आपणहून तिथे जात नाही. टिळक पुलावरून दादर पूर्वेला उतरलं, खोदादाद सर्कल मागे टाकलं की गल्ल्या लागतात. गल्ल्यांना नंबर, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांच्या मागे तीन-चार मजली घरं. बाबासाहेबांचं राजगृह याच कॉलनीत, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. मला ही कॉलनी मरीन ड्राइव्हहून चांगली वाटते. तिथल्या इमारती आपण बघाव्यात म्हणून उभ्या आहेत. इथल्या इमारतींत माणसं राहतात, आणि त्या आपल्याकडे बघतात.

या मोकळेपणामागे एक मोठं दुखणं आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. जिथे उजेड नाही, वारा नाही अशा कोंदट खोल्यांत माणसं पटापट मेली. म्हणून १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंग्याच्या शेतां-वाड्यांत, नवी वस्ती आखली. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनी ६३.५ अंशांचा एक नियम लावून धरला. ऐकायला भूमितीच्या पेपरासारखा, पण अर्थ सोपा: घर जितकं उंच, त्याच्या निम्मी तरी जागा त्याच्यासमोर मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसतो. मी एका गल्लीत मधोमध उभी राहून अंदाज घेतला. खरंच, कुठल्याही खिडकीत उभं राहिलं तरी आभाळ दिसेल असं अंतर होतं. आमच्या खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो. मालिका एकच असली तर आम्ही आवाज बंद ठेवतो.

गल्लीच्या एका टोकाला जुनी इमारत पाडून नव्याचं काम चाललं होतं. हिरवी जाळी, वर क्रेन, फलकावर काचेच्या मनोऱ्याचं चित्र. चित्रात ऊन होतं. त्या मनोऱ्याला छज्जा नव्हता, पाळ नव्हती, काही नव्हतं. पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत काचेवरून नुसतं वाहणार. आतल्यांना पाऊस दिसेल, ऐकू येणार नाही. पुनर्विकासाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. गळक्या घरात राहणाऱ्याने तो नाकारावा असं चहा पीत म्हणणं सोपं आहे. पण शेजारच्या इमारतीला विचारून तरी बांधायचं होतं, असं वाटलं. तिला पावसाचा नव्वद वर्षांचा अनुभव आहे.

ती शेजारची इमारत पिवळट, तळमजला आणि वर तीन मजले. दारावर उठावाच्या अक्षरांत कुणाच्या तरी आईचं नाव, ‘स्मृती’ लावून. कोपरा गोल. छज्ज्यांखाली तीन रेघा, त्यांच्यात धूळ बसून त्या काजळाने ओढल्यासारख्या ठळक झालेल्या. पण वरच्या भिंती कोरड्या आणि तळमजल्याच्या बाल्कनीचा कठडा मात्र ओलाचिंब, हिरवा, खालपर्यंत शेवाळ उतरलेलं. हे कसं? फाटक उघडंच होतं. मी कठड्यापाशी गेले आणि त्याच्या माथ्याच्या पाळीखाली बोट घातलं.

“कोण पाहिजे?” बाल्कनीतून आवाज आला. ऐंशीच्या पुढच्या एक काकू, नऊवारी नव्हे, गाऊनवर ओढणी, हातात लसूण.

“कोणी नको काकू. घर बघतेय.”

“विकायचं नाही.”

“घ्यायचं पण नाही.”

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्या कठड्याला टेकून खाली वाकल्या. “मग बोट घालून काय शोधतेस?”

मी म्हटलं, इथे एक खाच असायला हवी. त्या म्हणाल्या, “आमच्या इमारतीत सगळं होतं. आमचे सासरे राहायला आले तेव्हा रंगसुद्धा वासाचा नव्हता म्हणे.” आणि बोटाला ती सापडली. म्हणजे खाच नाही, खाचेची जागा. नव्वद वर्षांतल्या प्रत्येक रंगाऱ्याने वरून ब्रश मारला होता. चुना, डिस्टेंपर, ऑइल पेंट, थरावर थर, करंगळी बसेल तेवढी ती खाच रंगानेच भरून गेली होती. पाणी बिनबोभाट मागे सरकत होतं आणि भिंतीवरून उतरत होतं.

मी केसातला आकडा काढला. टोकाने खरवडल्यावर आधी हिरवा पापुद्रा निघाला, मग गुलाबी, मग पांढरा, चुन्याचा. त्याच्या आत सिमेंटची करडी कड, तासल्यासारखी सरळ. वीतभर मोकळी झाली तेव्हा माथ्यावरचं पाणी वळून आत आलं, तिथे अडलं, क्षणभर लोंबलं आणि सुटलं. टप्. मग दुसरा थेंब. वीतभर जागेत चार पागोळ्या.

काकू वरून बघत होत्या. लसूण तिथेच ठेवून त्या आत गेल्या, आणि मला वाटलं आता कुणाला तरी बोलावून आणतात. त्या परत आल्या त्या हातात डावाएवढा जुना चमचा घेऊन.

“हा घे. आकड्यानं कधी व्हायचं?”

मी छत्री मिटून कठड्याला लावून ठेवली.